मोहाच्या दारूतला गुळवेलीचा अर्क: वडिलांना द्यावा की थांबवावा?

वणी तालुक्यातल्या एका गावातून एका मुलानं मला प्रश्न पाठवला आहे. थोडक्यात तो असा. वडील ६२ वर्षांचे, पाच एकर कापूस-तूर. सात वर्षांपासून साखर आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, शिवाय बीपीची एक गोळी. दोन्ही गुडघे दुखतात. नात्यातल्या एका मामांनी गुळवेल, निर्गुडी आणि अश्वगंधा मोहाच्या दारूत महिनाभर भिजवून अर्क करून दिला. चार महिने झाले, वडील सकाळ-संध्याकाळ दोन-दोन झाकणं घेतात आणि गुडघ्याला आराम आहे म्हणतात. मधल्या काळात दोनदा सकाळी वावरात घाम फुटून चक्कर आली, धुऱ्यावर बसावं लागलं. आता आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून त्यांनी दुसरी शिशी आणली आहे. तिच्यात कसल्यातरी कंदाचे तुकडे आहेत, 'वाताचा कंद' एवढंच नाव. घरी वहिनी बाळंतीण आहे, तीन वर्षांच्या मुलाला खोकला आहे आणि आई विचारते आहे की तोच अर्क त्यांनाही थोडा-थोडा द्यावा का. शेवटची ओळ अशी: 'बाबांनी माळ घातल्यापासून सहा वर्षं दारूला हात लावला नाही. ते म्हणतात, ही दारू नाही जी, झाडपाला हाये.'

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, द्रव्यगुण, म्हणजे औषधी वनस्पतींचे गुणधर्म, हा माझा विषय, आणि यवतमाळ जिल्ह्यात २८ वर्षं रुग्ण पाहतो आहे. वनस्पतींवर माझा विश्वास आहे, त्यांच्यावरच माझं घर चाललं. त्यामुळे पुढचं वाचताना हा माणूस झाडपाल्याच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका.

सगळ्यांत आधी दुसरी शिशी. तिच्यातलं आज संध्याकाळपासून एक थेंबही घेऊ नका. पण ती फेकूही नका. झाकण घट्ट लावा, वर कागद चिकटवून 'पिऊ नये' असं लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवा. असं का सांगतो ते पुढे येईलच. वडिलांनी ती घेतली असेल आणि उलट्या, जुलाब, तोंडाला किंवा ओठांना मुंग्या, छातीत धडधड, झटके, डोळ्यांसमोर धूसर दिसणं यांतलं काहीही सुरू झालं असेल, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा आणि शिशी सोबत घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा.

आता पहिल्या अर्काकडे येऊ. वनस्पती मद्यात भिजवून काढलेल्या अर्काला टिंक्चर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द आयोडीनमुळे घराघरात 'टिंचर' म्हणून पोचला, होमिओपॅथीच्या दुकानात तोच 'मदर टिंक्चर' होतो. काम करायची रीत सोपी आहे. पाण्यात जे नीट विरघळत नाही त्यातलं पुष्कळसं मद्यात विरघळतं. राळ, सुगंधी तेलं, कडू द्रव्यं, आणि मुख्य म्हणजे अल्कलॉइड, ज्यांत पुष्कळशी तीव्र औषधं येतात आणि पुष्कळशी विषंही. मद्य ही द्रव्यं झाडातून ओढून घेतं आणि वर्षानुवर्षं टिकवून ठेवतं. शास्त्रीय पद्धतीत वाळलेल्या वनस्पतीच्या एका भागाला पाच भाग मद्य घेतात, तीव्र वनस्पती असेल तर दहा भाग. मद्याची टक्केवारी ठरलेली असते, बहुधा ४५ ते ६०. दोन आठवडे अंधारात ठेवायचं, रोज हलवायचं, मग गाळायचं. म्हणजे किती मिलिलिटरमध्ये किती वनस्पती उतरली हे माहीत असतं आणि मात्रा थेंबांत किंवा मिलिलिटरमध्ये सांगता येते. मामांच्या बरणीत यातलं काय किती आहे, हे मामांनाही सांगता येणार नाही. त्यांची माया खोटी नाही, पण मायेनं मात्रा ठरत नाही.

आमच्याकडे आसव आणि अरिष्ट ही कल्पना हजारो वर्षं जुनी आहे, तिची गल्लत या अर्काशी होते म्हणून थोडं सांगतो. अरिष्टात आधी काढा करतात, आसवात बहुधा काढ्याशिवाय. मग गूळ किंवा साखर आणि धायटीची फुलं घालून ते आंबवतात. आपल्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडावर लाल फुलांनी डवरलेली धायटी तुम्ही पाहिली असेल, तीच. आंबताना त्यात आपोआप तयार होणारं मद्य साधारण ५ ते १० टक्के असतं, आणि घेताना बरोबरीनं पाणी घालून जेवणानंतर घ्यायचं असतं. तयार दारूत झाडपाला बुडवून ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. दशमूलारिष्ट चालतं म्हणून मोहाच्या दारूतली गुळवेल चालते, हा हिशेब जुळत नाही.

हिशेब आकड्यांनी करून पाहू. साध्या शिशीचं झाकण साधारण १० मिलीचं. दोन झाकणं सकाळी, दोन संध्याकाळी, म्हणजे दिवसाला ४० मिली. मोहाची दारू किती कडक ते भट्टीवर आणि धारेवर अवलंबून. ३० टक्के धरली, तर रोज १२ मिली निव्वळ मद्य पोटात जातं. दुकानात मिळणाऱ्या विदेशी दारूचा ३० मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांचा असतो, त्यात जवळपास १३ मिली मद्य. म्हणजे तुमचे वडील चार महिने रोज एक छोटा पेग घेत आहेत, अर्धा सकाळी उपाशीपोटी. अर्क 'पहिल्या धारेच्या' दारूत केला असेल तर याहून जास्त.

गुडघ्याला आराम का वाटतो, याचं एक उत्तर इथे आहे. मद्यानं वेदना काही तास बधिर होते. निर्गुडी-अश्वगंधेचा थोडा वाटा असेलही, मी नाकारत नाही, पण कुणामुळे किती बरं वाटतं हे या बाटलीतून वेगळं काढता येत नाही.

वावरात आलेल्या त्या दोन चकरांचं उत्तरही मला इथेच दिसतं, आणि तुमच्या पत्रातली सगळ्यांत काळजीची ओळ मला तीच वाटली. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, खाल्लं असो वा नसो. उपाशी माणसाची साखर फार खाली जाऊ नये म्हणून यकृत आपल्या साठ्यातून आणि नव्यानं तयार करून साखर रक्तात सोडत असतं. मद्य यकृताला नवी साखर बनवू देत नाही. वरून गुळवेल स्वतः साखर थोडी उतरवते. आता सकाळी गोळी, दोन झाकणं अर्क, कपभर चहा आणि लगेच डवरणीला किंवा फवारणीला. अंगमेहनत उरलीसुरली साखर वापरून टाकते. घाम फुटणं, हातपाय थरथरणं, भूक खवळणं, डोळ्यांसमोर अंधारी, बोलणं बरळल्यासारखं, ही साखर उतरल्याची खूण आहे. गावात लोक म्हणतात 'उन्हानं चक्कर आली', आणि माणसाच्या तोंडाला वास येत असेल तर म्हणतात 'घेतली वाटते'. त्या गैरसमजात माणूस तासभर धुऱ्यावर पडून राहतो. मी असा एक रुग्ण पाहिला आहे. बैलगाडीतून आणला तोपर्यंत शुद्ध नव्हती, साखर ३४ निघाली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर तो उठून बसला, पण प्रत्येकाचं नशीब तसं नसतं.

असं पुन्हा झालं आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या किंवा गुळाचा मोठा खडा द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, आणि मग पोटभर खाऊ घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवा आणि १०८ बोलवा. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून एकदा बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मेटफॉर्मिनचंही सांगून ठेवतो. नियमित मद्य आणि मेटफॉर्मिन एकत्र आलं, त्यात मूत्रपिंड कमजोर असलं किंवा जुलाबानं अंगातलं पाणी गेलं, तर रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. बीपीच्या गोळीनंही मद्याबरोबर उठताना भोवळ येते.

आता गुळवेल. हिच्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण करोनाच्या काळात हिच्यावर फार अन्याय झाला, दोन्ही बाजूंनी. एकीकडे लोकांनी ती महिनोन्महिने सकाळ-संध्याकाळ लोटाभर प्यायली. दुसरीकडे मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाची भूमिका अशी की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या जातीशी घोटाळा होतो. माझं मत सांगतो. घोटाळा होतो हे खरं, मी स्वतः बाजारातल्या जुडीत पाहिला आहे. पण सगळे रुग्ण केवळ घोटाळ्यातून आले असं मानून मोकळं होणं मला पटत नाही. गुळवेल रोगप्रतिकारशक्तीला चेतवते, आणि त्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटण्याची प्रवृत्ती दिसली. म्हणून ज्यांना आमवात, ल्युपस, सोरायसिस, अशाच कारणानं बिघडलेलं थायरॉइड किंवा आधीपासून यकृताचा आजार आहे, त्यांना मी गुळवेल देत नाही. इतरांनाही सलग महिनोन्महिने देत नाही.

ओळख पटवायची तर खरी गुळवेल अशी: पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत. खोडावरची साल कागदासारखी पापुद्र्यानं सुटते, खाली हिरवं दिसतं. वेलीवरून दोरीसारखी बारीक मुळं खाली लोंबतात. खोड आडवं कापलं तर आत गाडीच्या चाकाचे आरे दिसतात. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठी भरपूर असतात आणि कापल्यावर दुधासारखा स्राव येतो. गाठीचं खोड आणि दुधी चीक दिसला तर ती वेल वापरू नका.

शिवाय गुळवेलीला दारूची गरजच नाही. आमच्या ग्रंथांनी तिचा स्वरस सांगितला, काढा सांगितला, आणि सत्त्व सांगितलं. सत्त्व म्हणजे ताजं खोड ठेचून पाण्यात कोळून तळाशी बसणारी पांढरी भुकटी, तिचा मुख्य भाग पिष्ट. असली पिष्टमय द्रव्यं मद्यात विरघळत नाहीत, उलट साकळून खाली बसतात. म्हणजे मामांच्या बरणीत गुळवेलीचा एक मोठा भाग गाळणीतच राहिला, आणि जे कडू उतरलं ते जास्त तीव्र होऊन उतरलं. जुन्या वैद्यांनी कोणती वनस्पती पाण्यात, कोणती तुपात, कोणती दुधात द्यायची हे ठरवलं त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. अश्वगंधा दुधात शिजवायला सांगितली ती उगाच नाही. अश्वगंधेनंही काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आता आहेत, थायरॉइडचे हार्मोन ती वाढवू शकते, आणि झोपेची गोळी किंवा मद्याबरोबर ग्लानी वाढवते. निर्गुडीला मी सांधेदुखीत फार मानतो, पण बाहेरून. पानं गरम करून बांधायची किंवा सिद्ध तेल चोळायचं.

दारूचा स्वतःचा प्रश्न तर वेगळाच. भट्टीवरच्या मोहाच्या दारूत नवसागर घातलेला असतो हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. कडक वाटावी म्हणून कुणी स्पिरिट मिसळलं आणि त्यात मिथेनॉल असलं तर डोळे जातात, माणूस जातो. त्याची चव, वास, रंग यांवरून काहीही कळत नाही. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट किंवा पॉलिशचं स्पिरिट वापरून घरी अर्क करणारेही मला भेटले आहेत. ते पिण्यासाठी नसतं, कितीही पातळ केलं तरी. मोहाच्या फुलाला मी वाईट म्हणत नाही. दुष्काळात त्या फुलांनी आपली माणसं जगवली आहेत. माझं बोलणं बरणीतल्या, मोजमाप नसलेल्या दारूबद्दल आहे.

आता त्या कंदाकडे. तो काय आहे हे न पाहता सांगता येणार नाही, पण मला भीती कशाची वाटते ते सांगतो. पोळ्याच्या सुमारास कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येणारी कळलावी आपल्याकडे जागोजागी आहे. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात तिचं नाव लांगली. त्या कंदात कोल्चिसिन असतं. हेच द्रव्य आधुनिक डॉक्टर गाऊट नावाच्या सांधेदुखीत मिलिग्रॅमच्या अंशात मोजून देतात, आणि 'वातावर कंद चालतो' ही गावातली समजूत त्यामुळे अगदीच निराधार नाही. धोका तिथेच आहे. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं, आणि कोल्चिसिन मद्यात छान उतरतं. एक तुकडा भिजवलेल्या शिशीत किती उतरलं हे कुणालाच कळत नाही. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, हगवण समजून सलाइन लावतात, दुसऱ्या दिवशी थोडं बरं वाटतं. मग दुसऱ्या ते सातव्या दिवसांत मूत्रपिंड, यकृत, हृदय, रक्त तयार करणारी मज्जा, एकेक ढासळत जातं. जो वाचतो त्याचे दोनेक आठवड्यांनी केस झडतात. आपल्या दवाखान्यांत यावर उतारा म्हणून देण्यासारखं काही नाही, फक्त शरीराला आधार देत राहावं लागतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी असा एक शेतकरी माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आणला होता. घरच्यांनी अर्काचं नावच काढलं नाही, कारण ते त्यांच्या लेखी औषध होतं, विष नव्हे. मी विचारलं तेव्हा सूनबाईंनी ओट्याखालून शिशी काढून दाखवली. आम्ही त्याला नागपूरला पाठवलं, पण उशीर झाला होता. तेव्हापासून पहिल्या दिवसाचे जुलाब घेऊन कुणीही आलं तरी मी विचारतो, घरी काही भिजवलेलं पीत होते का?

बाजारातला कंद बचनागही असू शकतो. तो आपल्याकडे उगवत नाही, हिमालयातून येतो, पण काष्ठौषधीच्या दुकानात आणि फिरत्या विक्रेत्याकडे असतो. शोधन न केलेला बचनाग दारूत भिजवला तर ओठ-जीभ बधिर होतात आणि हृदयाची लय बिघडते, कधी तासाभरात. काजरा, म्हणजे कुचला, यानं झटके येतात. धोतऱ्यानं माणूस बरळतो, बुबुळं मोठी होतात. बिब्ब्यानं अंगावर फोड उठतात, आणि पोटात गेला तर तोंडापासून आतड्यापर्यंत आग. ही सगळी आयुर्वेदाची औषधं आहेत, मी स्वतः त्यांतली काही वापरतो. पण औषध कायद्यानं त्यांना विषारी द्रव्यांच्या यादीत ठेवलं आहे आणि ती घातलेल्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असं छापणं बंधनकारक आहे. बचनाग आधी गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध करावा लागतो, बिब्ब्याला विटेच्या भुकटीत घासावं लागतं. रस्त्यावर पाल टाकून बसलेल्या माणसाकडे ती सोय नाही आणि पुढच्या आठवड्यात तो कुठे असेल तेही माहीत नाही.

एक गोष्ट आपल्या भागात विशेष. अर्क पव्व्याच्या रिकाम्या शिशीत भरतात, आणि फवारणीचं उरलेलं औषधही त्याच शिशीत भरून कोनाड्यात ठेवतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाड केली ते आपण पाहिलं आहे. पहाटे अंधारात झाकण उघडून दोन घोट घेणाऱ्या माणसासाठी हा धोका नुसता बोलण्यापुरता नाही. फवारणीचं औषध कंपनीच्या मूळ डब्यातच ठेवा, घराबाहेर.

आईच्या प्रश्नाला माझं ठाम उत्तर आहे: देऊ नका. बाळंतिणीनं मद्याचा अर्क घेतला तर मद्य दुधात उतरतं आणि बाळाचं यकृत ते हाताळू शकत नाही. वहिनीला दूध कमी वाटत असेल तर शतावरी दुधातून देता येईल, पण आधी पोटभर जेवण, पुरेसं पाणी आणि बाळाला वारंवार अंगावर घेणं, हे आशाताईंकडून नीट समजून घ्या. घरात कुणी गरोदर असेल तर अडुळसासुद्धा माझ्या सल्ल्याशिवाय नको, त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. तीन वर्षांच्या मुलाला अर्काचा चमचाही देऊ नका. लहान मुलाची साखर थोड्या मद्यानंही झपकन उतरते, श्वास मंदावतो. खोकल्याला कोमट पाणी, आणि एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध पुरतो. श्वास जोरात चालत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध-पाणी घेत नसेल तर लगेच दवाखाना. घरात कुणाला सिकलसेल असेल तर त्यालाही हा अर्क नको. मद्यानं अंगातलं पाणी कमी होतं आणि त्यातून वेदनेचा झटका येऊ शकतो. टीबीची औषधं सुरू असलेल्यालाही नको, त्या गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो.

आणि आता वडिलांची माळ. याबद्दल मी हळू बोलतो, कारण सहा वर्षं दारू सोडणं काय असतं ते मी माझ्या रुग्णांत पाहिलं आहे. शरीराला शपथ कळत नाही, त्याला मद्य कळतं. सोडलेल्या माणसाचा मेंदू औषधाच्या नावानं आलेलं मद्यही ओळखतो. दोन झाकणांची चार होतात, 'आज गुडघा जास्त दुखते' म्हणून सहा होतात. त्यांच्यावर संशय घेऊ नका, त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. पण हे आकडे त्यांच्यासमोर मांडा. आणखी एक विचारायला हवं: दारू सोडवण्यासाठी घरच्यांपैकी कुणी त्यांना न सांगता जेवणातून डायसल्फिरामची गोळी देत होतं किंवा देत आहे का? हे पुष्कळ घरांत चालतं. त्या गोळीवर असताना मद्याचा अर्क घेतला तर चेहरा लाल होणं, धडधड, बीपी कोसळणं, इतकी तीव्र प्रतिक्रिया येते की मृत्यूही होऊ शकतो. असं असेल तर आजच मला किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगा. कुणी रागावणार नाही.

अर्क बंद करताना: एवढ्या मात्रेवर चार महिने असलेल्या माणसाला एकदम थांबवलं तरी बहुधा त्रास होत नाही. पण मात्रा सांगितली त्याहून जास्त होत असेल, आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झोप उडणं, घाम, भास असं काही दिसलं, तर घरी वाट न पाहता दवाखान्यात न्या. ग्लिमेपिराइड तुमच्या मनानं कमी करू नका, बंदही करू नका. त्या दोन चकरांची गोष्ट मात्र गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना नक्की सांगा, तेच मात्रा पाहतील.

या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, यकृताची तपासणी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन करून घ्या. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं, यांतलं काही आताच असेल तर आठवडा थांबू नका. डॉक्टरांना अर्काचं सगळं सांगा. 'साहेब ओरडतील' म्हणून लपवू नका. गुळवेल चार महिने पोटात आहे हे कळलं नाही तर यकृताचा अहवाल वाचताना ते भलत्याच दिशेला जातील.

गुडघ्याचं काय करायचं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, कारण मी एक आराम काढून घेतो आहे. आपल्याच रानातली सालई घ्या. तिच्या डिंकावर, म्हणजे शल्लकीवर, नागपूरच्याच डॉक्टरांनी गुडघ्याच्या झिजेचे ३० रुग्ण घेऊन अभ्यास केला होता, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणं आणि सूज कमी झाली, चालणं वाढलं. अभ्यास लहान आहे, पण नीट रचलेला आहे, आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. शल्लकी गोळीत मिळते, दारू लागत नाही. काहींना पोट बिघडण्याचा त्रास होतो, म्हणून जेवणानंतर. रक्त पातळ होण्याची गोळी सुरू असेल तर मला आधी सांगा. विकत घेताना शिशीवर परवाना क्रमांक, बॅच, तयार केल्याची तारीख आणि मुदत पाहा, बिल घ्या. 'वाताची खात्रीची पुडी' नावाच्या, काहीही न छापलेल्या पुड्या नकोत. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि साखरेच्या रुग्णाला तर ते फार महागात पडतं.

बरोबरीनं संध्याकाळी निर्गुडीच्या तेलाची हलकी मालीश आणि एरंडाच्या गरम पानांचा शेक. चटका बसेल इतका गरम नको, साखरेमुळे पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, आधी तुमच्या हाताला लावून पाहा. खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा मोजेपर्यंत धरायचा, प्रत्येक पाय दहा वेळा, दिवसातून दोनदा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. याला सहा आठवडे लागतात, दोन झाकणांसारखा लगेच आराम वाटणार नाही, हे त्यांना आधीच सांगा. वेचणीला खाली बसून काम टाळता आलं तर बरं, शौचाला उंच बैठक करून घ्या.

मामांना दोष देऊ नका. शक्य असेल तर त्यांनाच मंगळवारी घेऊन या, मी दवाखान्यात असतो. त्यांनी गुळवेल कुठल्या झाडावरून काढली ते मला बघायचं आहे, येताना त्या वेलीचा वीतभर तुकडा पानासकट आणा. दोन्ही शिश्या आणा, आणि दुसऱ्या शिशीतल्या कंदाचा तुकडा हातानं न काढता तसाच आत राहू द्या. उरलेला कंद घरी असेल तर कागदात वेगळा गुंडाळून आणा. तो बघितल्यावरच सांगता येईल की वडिलांचं रक्त आणखी कशासाठी तपासायचं.